वाचकांचे प्रश्न : बारोन रोखो ऐकायचा कसा?

प्रश्न : स्पेनचा जुना हेवी मेटल बँड म्हणून ‘बारोन रोखो’चं नाव ऐकलं. ‘बोलूमेन ब्रुताल’ हा अल्बम शोधून ऐकला, इंग्रजीत गायलेला होता. वाईट नाही, पण एवढं कौतुक कशाचं, ते कळलं नाही.

उत्तर : चुकीची आवृत्ती हाती लागली, एवढंच. 1982चा हा अल्बम लंडनमध्ये ‘डीप पर्पल’चा गायक इयन गिलन याच्या किंग्जवे स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला आणि स्पॅनिश व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघाला. दोन्हींचं नाव एकच, म्हणून गफलत होते. मुखपृष्ठ पाहू नका, गाण्यांची नावं वाचा. दुसरं गाणं ‘लोस रॉकेरोस बान अल इनफिएर्नो’ असेल तर तुम्ही योग्य जागी आहात. तेच नाव इंग्रजीत दिसलं तर पुढे सरका.

फरक कुठे पडतो, तर आघातात. ‘इनफिएर्नो’चा जोर ‘एर’वर येतो आणि शब्द स्वरावर मोकळा सुटतो. चाली या भाषेवर बेतलेल्या आहेत, त्यामुळे ड्रमचा ठोका आणि शब्दाचा जोर एकत्र पडतात. इंग्रजी शब्द त्याच चालीत बसवताना कुठे अक्षर ताणावं लागतं, कुठे गिळावं लागतं. वादन उत्तम असूनही गाणं अवघडल्यासारखं वाटतं ते यामुळे. इंग्रजी आवृत्तीमागचा हिशेब मात्र समजण्यासारखा होता. बँड 1982च्या रेडिंग महोत्सवात वाजवून आला, ब्रिटनमध्ये त्याची दखल घेतली जात होती. पण आज ती आवृत्ती संग्राहकांसाठी ठीक, पहिल्या ओळखीसाठी नाही.

प्रश्न : सुरुवात कोणत्या अल्बमपासून करावी? पहिल्यापासून क्रमाने ऐकत जावं का?

उत्तर : नको. पहिला अल्बम ‘लार्गा बिदा अल रॉक अँड रोल’ (1981) जोमदार आहे, पण त्यात अजून सत्तरच्या दशकातला हार्ड रॉक बराच मुरलेला आहे. तिथून सुरुवात करणाऱ्याला ‘हे तर आधी ऐकलंय’ असं वाटण्याचा संभव जास्त.

आधी ‘बोलूमेन ब्रुताल’ स्पॅनिशमध्ये ऐका, मग 1983चा ‘मेतालमोर्फोसिस’, मग 1984चा दुहेरी लाइव्ह अल्बम ‘बारोन अल रोखो बीबो’. तो माद्रिदमध्ये, रेआल माद्रिद क्लबच्या क्रीडासंकुलात, फेब्रुवारी 1984मध्ये रेकॉर्ड झाला. प्रेक्षक अख्खी कडवी गातात, आणि हा बँड स्वतःच्या गावात काय चीज होता ते तिथे कळतं. आमच्या मते या काळातला कोणताही युरोपीय लाइव्ह अल्बम याच्यासमोर ठेवून पाहावा, हा कमी पडणार नाही. एवढं झालं की पहिल्याकडे वळा. मग तोही गोड लागतो.

अरमांदो आणि कार्लोस दे कास्त्रो हे गिटारवाले भाऊ ‘कोझ’ या बँडमधून बाहेर पडले आणि 1980मध्ये हा बँड उभा राहिला. बास गिटारवर आणि गायनात खोसे लुईस कांपुसानो, ज्याला सगळे ‘शेर्पा’ म्हणतात. ड्रमवर उरुग्वेचा एर्मेस कालाब्रिया. ही चौकडी 1989च्या ‘ओब्स्तिनातो’पर्यंत टिकली, नंतर शेर्पा आणि एर्मेस बाहेर पडले. भावांनी बँड पुढे चालवला, 2010च्या सुमारास चौघे पुन्हा एकत्रही आले. पण नवख्याने 1985च्या ‘एन उन लुगार दे ला मार्चा’पर्यंत यावं आणि तिथे थोडं थांबावं. त्यातलं ‘इखोस दे काईन’ चुकवू नका.

प्रश्न : स्पॅनिश येत नाही. शब्द कळले नाहीत तर मजा अर्धी होत नाही का?

उत्तर : ‘कोन्थिएर्तो पारा एयोस’ लावा. हे गाणं दिवंगत रॉक कलावंतांच्या मैफलीची कल्पना करतं. त्यात जॅनिस जॉप्लिन, लेनन, हेंड्रिक्स, बॉनम, ब्रायन जोन्स अशी नावं एकामागून एक येतात आणि भाषा न येताही कान टवकारतो. दुसरं ‘इरोशिमा’ (म्हणजे हिरोशिमा) : विषय नावातच आहे. शब्द हातात घेऊन वाचायचे ते यानंतर. शेर्पाच्या गाण्यांचे अनेक शब्द त्याची पत्नी कारोलिना कोर्तेस हिचे आहेत, आणि वाचल्यावर कळतं की मोटारसायकल-दारूपलीकडे इथे बरंच काही चाललंय. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको 1975मध्ये गेला, त्यानंतर पाच-सहा वर्षांतच हे सगळं माद्रिदमध्ये मोठ्या आवाजात गायलं जात होतं, हे लक्षात ठेवून वाचा.

प्रश्न : ‘बोलूमेन ब्रुताल’मधलं ‘रेसिस्तिरे’ शोधलं तर भलतंच पॉप गाणं लागतं!

उत्तर : ते ‘दुओ दिनामिको’चं, 1988चं. 2020च्या टाळेबंदीत स्पेनभर गच्च्यांतून गायलं गेलं, म्हणून यादीत तेच वर येतं. नाव सोडलं तर दोन्हींचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही. बँडचं नाव जोडून शोधा. ‘रोखो’ लिहिताना ‘ख’च्या जागी रोमन ‘जे’ येतो. ‘बारोन’मधल्या ‘ओ’वरची रेघ गाळली तरी चालते.

प्रश्न : ‘बोलूमेन ब्रुताल’ची जुनी एलपी घेतली. बाकी सगळं स्वच्छ, पण दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं फाटतं, ‘स’ फुसफुसतो. छपाईच खराब असेल का?

उत्तर : बहुधा नाही. तबकडीच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण 50 सेंटिमीटर खाच सरकते, मध्याजवळ जेमतेम 21. तेवढ्या जागेत तेच बारीक स्वर दाटीने कोरलेले असतात, सुईला ते नीट पकडता येत नाहीत, आणि तिथे नेमकं ‘कोन्थिएर्तो पारा एयोस’ येतं.

आधी सुईवरची धूळ मऊ ब्रशने मागून पुढे झाडा. मग सुईचा भार मोजा. बऱ्याच कार्ट्रिजना (सुई बसवलेला भाग) दीड ते दोन ग्रॅम लागतो, नक्की आकडा त्याच्या कागदावर असतो. भार कमी ठेवला की तबकडी वाचते हा गैरसमज आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती खरवडते. मग प्रोट्रॅक्टर (कोन जुळवायची आखलेली पट्टी) ठेवून कार्ट्रिजचा कोन जुळवा. एवढं करून दुसऱ्या एखाद्या चांगल्या तबकडीचं शेवटचं गाणं वाजवा. ते स्वच्छ वाजलं आणि हे फाटलं, तर आधीच्या मालकाच्या झिजलेल्या सुईने खाच खाल्ली आहे. त्याला इलाज नाही, दुसरी प्रत शोधा. यापुढे जुनी प्रत घेताना आधी हेच गाणं लावून पाहा.

प्रश्न : यांच्यानंतर कोण?

उत्तर : ‘ओबुस’, माद्रिदचेच. ‘प्रेपाराते’ (1981) आणि ‘पोदेरोसो कोमो एल त्रुएनो’ (1982) हे दोन्ही अल्बम तिनो कासाल या पॉप गायकाने निर्मिले, आणि विश्वास बसणार नाही इतके कडक आहेत. मग बास्क प्रांतातल्या लासार्तेचा ‘आंखेलेस देल इनफिएर्नो’ : ‘पाक्तो कोन एल दियाब्लो’, 1984. स्त्री-आवाज हवा असेल तर ‘सांता’ची आसुसेना, ‘रेएनकार्नासिओन’ या अल्बमवर. आणि वेग हवा असेल तर थेट ‘मुरो’.