‘जकातदार’ बदलून ‘कर अधिकारी’ करावं का?

प्रश्न असा आहे : मराठी बायबलात ‘जकातदार आणि पापी’ अशी जोडी येते. जकात तर आता इतिहासजमा झाली. मग ‘कर अधिकारी’ म्हटलं तर काय बिघडेल? आणि ही माणसं रोमन होती का?

बरंच बिघडेल. मूळ ग्रीक शब्द ‘तेलोनेस’. ‘तेलोस’ म्हणजे मालाच्या ये-जा करण्यावरचं शुल्क, ‘तेलोनियोन’ म्हणजे ते घेण्याचा नाका. जमिनीवरचा आणि डोईवरचा कर वेगळा, त्याला ‘फोरोस’. पौलाच्या रोमकरांस पत्रात (13:7) हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात शेजारी शेजारी येतात. तिथे कर आणि जकात हा फरक मराठीत अचूक बसतो. कैसराला, म्हणजे रोमन सम्राटाला द्यायचा तो कर. येशूचा शिष्य होण्याआधी मत्तय कफर्णहूम गावच्या नाक्यावर बसून घेत होता ती जकात.

‘अधिकारी’ तर अजिबात नको. हा पगारी नोकर नव्हे. नाक्याचं उत्पन्न मक्त्याने दिलं जाई : ठरलेली रक्कम सरकारला भरायची, वर जे सुटेल ते मक्तेदाराचं. मालाची किंमत ठरवणाराही तोच, त्यामुळे लुबाडणूक या पद्धतीतच होती. बाप्तिस्मा करणारा योहान जकातदारांना एवढंच सांगतो की नेमून दिलंय त्याहून जास्त घेऊ नका (लूक 3:13). रोख नेमका तिथेच आहे. दर लिहून लावले नाहीत तर काय होतं, ते सीरियातल्या पाल्मिरा या व्यापारी शहराच्या इ.स. 137 च्या शिलालेखात दिसतं. व्यापारी आणि जकातवाले यांच्यात सतत तंटे होऊ लागले, म्हणून तिथल्या नगरसभेने दरपत्रकच दगडावर कोरून घेतलं. त्यात एकाच सुगंधी तेलाला, ते कुपीत आहे की कातडी बुधल्यात, यावरून वेगवेगळे दर आहेत.

आता रोमन की यहुदी? लॅटिन भाषांतरात ‘पुब्लिकानुस’ शब्द आला आणि त्यामुळे रोममधल्या बड्या मक्तेदार कंपन्या डोळ्यांसमोर येतात. शुभवर्तमानांतले जकातदार मात्र स्थानिक यहुदी. कफर्णहूम तर रोमचा मांडलिक असलेल्या हेरोद अंतिपाच्या गालिलात, म्हणजे तिथली जकात थेट रोमची नव्हे, अंतिपाची. यरीहो रोमन सुभेदाराच्या यहूदियात; तिथला जक्कय हा ‘मुख्य जकातदार’, म्हणजे हाताखाली माणसं ठेवून मक्ता चालवणारा.

‘पापी’शी जोडी का, हे इ.स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या संग्रहातून कळतं. जकातदाराच्या पेटीतून नाणी मोडून घेऊ नयेत, दानही घेऊ नये. त्याच्या घरातून किंवा बाजारात घेतलं तर चालेल (बाबा कम्मा 10:1). विटाळ माणसाचा नाही, पेटीतल्या पैशाचा : तो लुटीचा असण्याचा संशय. हिब्रूतही जकातवाल्याला ‘मोखेस’ आणि करवसूल करणाऱ्याला ‘गब्बाई’ असे दोन शब्द आहेत, आणि या नियमात दोघांचीही नावं घेतली आहेत.

तरी सगळे जकातदार वाळीत टाकलेले होते असं समजू नये. इ.स. 66 मध्ये कैसरिया शहरातल्या यहुदी सभास्थानाची वाट बांधकामाने अडवली जात होती. ते थांबवावं म्हणून सुभेदार फ्लोरसला आठ टॅलेंट चांदी देणाऱ्या यहुदी पुढाऱ्यांत त्या काळचा यहुदी इतिहासकार योसेफस एकाचंच नाव देतो : योहान, जकातदार.

तेव्हा ‘जकातदार’ राहू द्या. तळटीप द्यायचीच तर ‘जकातीचा मक्ता घेणारा’ एवढी पुरे.