विहीर कुणाच्या पाण्यात होती, हे आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत समुद्रातली तेलविहीर फुटली आणि तेल लुइझियाना किंवा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला लागलं, तर ते राज्य स्वतःच्या कायद्याखाली कंपनीकडून हवी तेवढी भरपाई घेऊ शकतं का, की केंद्राच्या कायद्यातली कमाल मर्यादा आडवी येते? या प्रश्नाला आधी उत्तर देणाऱ्या दोघांनी लिहिलंय की राज्यांचे हक्क कायद्यातच राखून ठेवलेत, त्यामुळे मर्यादेचा प्रश्नच नाही. कलम नुसतं वाचलं तर तसंच वाटतं. कोर्टात मात्र ते तसं टिकलेलं नाही, आणि त्याची झळ बसली ती किनाऱ्यावरच्या गावांना. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९८९ मध्ये अलास्कात एक्झॉन व्हाल्डीझ हे जहाज खडकावर आदळलं आणि त्यानंतर १९९० मध्ये ऑइल पोल्यूशन ॲक्ट हा केंद्राचा कायदा आला. समुद्रातल्या विहिरीच्या बाबतीत तो म्हणतो की साफसफाईचा सगळा खर्च कंपनीचा, त्याला मर्यादा नाही. बाकीच्या नुकसानीला मात्र मर्यादा आहे. मुळात ती ७.५ कोटी डॉलर होती, महागाईनुसार वाढत आता साडेसोळा कोटींच्या पुढे गेली आहे. घोर निष्काळजीपणा, जाणूनबुजून केलेलं गैरवर्तन किंवा केंद्राच्या सुरक्षा नियमांचा भंग यांपैकी काहीही सिद्ध झालं की मर्यादा गळून पडते. यातला तिसरा मुद्दा लोक विसरतात. घोर निष्काळजीपणा सिद्ध करायला वर्षं जातात, त्या मानाने नियमभंग दाखवणं सोपं असतं.

याच कायद्यात राज्यांना जादा दायित्व लादायची मुभा आहे. त्याआधी १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फ्लोरिडाचा १९७० चा कायदा उचलून धरला होता. त्या कायद्यात कंपनीची चूक सिद्ध करायचीही गरज नव्हती. तेल सांडलं, पैसे भरा. आधीच्या दोन्ही उत्तरांचा आधार हाच आहे आणि तो इथवर बरोबरच आहे.

पुढची मेख जागेची आहे. राज्याची हद्द साधारणपणे किनाऱ्यापासून तीन मैलांपर्यंत. टेक्सास आणि फ्लोरिडाची मेक्सिकोच्या आखाताकडची बाजू हे अपवाद, तिथे ती नऊ सागरी मैल. त्यापलीकडचा समुद्रतळ केंद्राचा. २० एप्रिल २०१० ला डीपवॉटर होरायझन या विहीर खोदणाऱ्या तरंगत्या फलाटावर स्फोट झाला, अकरा कामगार गेले आणि ८७ दिवस तेल वाहत राहिलं. तो खोदत असलेली बीपी कंपनीची मकोन्डो विहीर लुइझियानापासून चाळीसेक मैलांवर, म्हणजे पूर्णपणे केंद्राच्या हद्दीत होती. तेल लागलं ते लुइझियानाच्या दलदलीला. तिथल्या अकरा पॅरिशांनी (पॅरिश म्हणजे तिथले जिल्हे) राज्याच्या वन्यजीव कायद्याखाली दंड मागितला, कारण पक्षी आणि मासे मेले ते त्यांच्या हद्दीत. २०१४ मध्ये पाचव्या सर्किटच्या (म्हणजे विभागाच्या) केंद्रीय अपील न्यायालयाने हे दावे फेटाळले. आधार होता १९८७ च्या एका निकालाचा: न्यूयॉर्कमधली कागद गिरणी शॅम्प्लेन सरोवरात घाण सोडत होती आणि पलीकडच्या व्हर्मॉंटच्या जमीनमालकांना व्हर्मॉंटचा कायदा तिच्यावर लावायचा होता. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, घाण जिथून निघते तिथला कायदा लागेल. तोच न्याय समुद्राला लावला गेला. विहीर केंद्राच्या हद्दीत, म्हणून कायदा केंद्राचा.

मला हा निकाल पटत नाही. राखीव हक्काच्या कलमात ‘राज्याच्या हद्दीतील तेल प्रदूषण’ असे शब्द आहेत, आणि चिखलात मरून पडलेला पेलिकन राज्याच्या हद्दीतच असतो. त्याच्याबद्दल दंड मागितल्याने खोल समुद्रात विहीर कशी खोदायची हे लुइझियाना ठरवू लागत नाही. कोर्टाला भीती होती ती ही की एकाच कंपनीवर पाच राज्यांचे पाच कायदे येतील. ही अडचण खरी आहे, पण तिचा भार कंपनीने उचलण्याऐवजी किनाऱ्याने उचलला. अर्थात माझ्या मताने काही बदलत नाही. टेक्सास, लुइझियाना आणि मिसिसिपी या तीन राज्यांतल्या केंद्रीय कोर्टांवर हा निकाल बंधनकारक आहे.

मग बीपीने एवढे पैसे भरले कसे? मुख्यतः केंद्राच्या कायद्याखाली. मर्यादेचा बचाव कंपनीने २०१० मध्येच सोडून दिला होता. २०१४ मध्ये न्यायाधीश कार्ल बार्बिए यांनी घोर निष्काळजीपणा ठरवला आणि ६७ टक्के दोष बीपीवर टाकला. २०१६ ची तडजोड २०.८ अब्ज डॉलरची होती. त्यात ५.५ अब्ज दंड, ८.१ अब्ज निसर्गाच्या हानीचे आणि ४.९ अब्ज पाच राज्यांच्या आर्थिक नुकसानीचे. बुडालेला कर मागायचा हक्क राज्यांना १९९० च्या कायद्यातच आहे. किनाऱ्यावरच्या धंद्यांसाठी तर तो कायदा मोठाच आधार आहे, कारण जुन्या सागरी कायद्यात १९२७ च्या एका निकालामुळे स्वतःच्या मालमत्तेला इजा झाली नसेल तर नुसत्या बुडालेल्या कमाईची भरपाई सहसा मिळत नसे.

राज्याचा कायदा खरा चालतो तो तेल राज्याच्याच हद्दीतून निघालं तर. मे २०१५ मध्ये कॅलिफोर्नियात रेफ्युजिओजवळ प्लेन्स कंपनीची जमिनीवरची पाइपलाइन फुटली आणि तेल समुद्रात गेलं. सांता बार्बराच्या ज्यूरीने २०१८ मध्ये कंपनीला राज्याच्या कायद्याखाली दोषी ठरवलं, आणि २०२२ मध्ये मच्छीमार व जमीनमालकांशी २३ कोटी डॉलरची तडजोड झाली. मकोन्डोच्या तुलनेत गळती फारच लहान होती. तरीही एवढी रक्कम निघाली, कारण तिथे राज्याच्या कायद्याला कुणी हद्दीबाहेर ढकलू शकत नव्हतं.

आता एक गोष्ट जी या चर्चेत कुणीच काढली नाही: दायित्व अमर्याद असलं तरी कंपनीकडे पैसे हवेत ना. केंद्राच्या हद्दीतल्या विहिरीसाठी कंपनीला आर्थिक ऐपतीचा पुरावा द्यावा लागतो. त्याची किमान रक्कम ३.५ कोटी डॉलर, राज्याच्या पाण्यात एक कोटी, आणि धोका जास्त वाटला तर १५ कोटींपर्यंत. बीपीसारखी कंपनी यापलीकडे भरू शकते. लहान कंपनीचं काय होतं ते टेलर एनर्जीने दाखवलं. २००४ च्या आयव्हन वादळात तिचा समुद्रातला तेल काढायचा फलाट कोसळला, तेल वर्षानुवर्षं गळत राहिलं, आणि २०२१ च्या तडजोडीत दंड, सफाई आणि निसर्गहानी मिळून सरकारच्या हाती आले ४.३ कोटींहून थोडे जास्त डॉलर. विहिरी बंद करण्यासाठी आधीच बाजूला काढलेला निधी तेवढा वेगळा. म्हणून राज्याने मर्यादा काढून टाकण्याइतकंच, किंबहुना जास्त, लक्ष या हमीच्या रकमेवर द्यायला हवं असं मला वाटतं.

तुम्ही प्रबंधासाठी विचारलंय, तर प्रत्येक प्रकरणात आधी नकाशावर गळतीची जागा बघा, मग कलमं. आणि तुमच्या ओळखीचं कुणी तिथे प्रत्यक्ष दावा करणार असेल तर केंद्राच्या कायद्याखाली आधी कंपनीकडेच लेखी मागणी करावी लागते. तिने नकार दिला किंवा ९० दिवसांत निकाली काढली नाही तरच कोर्टाचं दार उघडतं. मागणीसोबत आधीच्या वर्षांची कर-विवरणपत्रं आणि मासळी विक्रीच्या पावत्या लावाव्यात. रोखीने माल विकणाऱ्यांचे दावे अडकतात ते बहुतेक इथेच.