कापसाच्या पैशातून पेटी

अमळनेर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. चार एकर कोरडवाहू कापूस, शिवाय त्यांचं स्वतःचं शिलाईकाम, महिन्याला साधारण 6,000 रुपयांचं. कापूस विकून, मजुरी आणि दुकानदाराची उधारी चुकती करून हातात 62,000 रुपये उरले आहेत. मुलगी चौथीत आहे, 9 वर्षं 4 महिन्यांची. आजीबरोबर भजनाला जाते आणि घरी आल्यावर पाटावर बोटं चालवत बसते. शहरातल्या एका क्लासने तीन वर्षांचे एकरकमी 54,000 मागितले आहेत, त्यात इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आला. वाद्य शिकलं की बुद्ध्यांक वाढतो, गणितात मार्क वाढतात, असं तिथे सांगितलं. गावातले भजनी मंडळाचे पेटीवाले गुरुजी महिना 600 रुपयांत शिकवायला तयार आहेत. सासूबाईंचं म्हणणं, "पोरले पेटी शिकानी शे तं शिकू द्या." पीककर्जाचे 35,000 बाकी आहेत, ते पुढच्या वर्षी पाहू, असं यजमान म्हणतात. ताई विचारतात, 54,000 भरू का?

ताई, मुलीला याच महिन्यापासून शिकायला पाठवा. पण 54,000 भरू नका.

आधी कर्जाचं बोलतो, कारण तुमच्या पत्रात ते शेवटी आणि एकाच ओळीत आलंय आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. पीककर्ज 31 मार्चच्या आत भरलं तर 3 लाखांपर्यंत केंद्राची आणि राज्याची व्याजसवलत मिळून तुम्हाला व्याज जवळजवळ पडत नाही. मुदत चुकली की ही सवलत जाते. 35,000 वर 7 टक्क्यांनी वर्षाचे 2,450 रुपये झाले. तेवढंच असतं तर मी एवढं ताणलं नसतं. पण तुम्ही थकबाकीदार ठरलात तर जूनमध्ये नवं कर्ज अडतं, आणि बियाणं-खतासाठी सावकाराचं दार धरावं लागतं. तेच 35,000 शेकडा तीन रुपये महिन्याने घेतले, तर जून ते डिसेंबर सात महिन्यांत 7,350 रुपये नुसतं व्याज. म्हणजे गुरुजींची वर्षभराची फी! आपल्याकडे वर्षाचा पैसा एकदम हातात येतो आणि त्याच दिवसांत असे एकरकमी सौदे दारात येतात. आलेला पैसा पुढच्या आठ-दहा महिन्यांचा असतो, ते त्या वेळी ध्यानात राहत नाही.

आता बुद्ध्यांकाचं. तो शब्द ऐकला की आईबापाचा हात खिशाकडे जातो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. 1993 साली अमेरिकेत एक छोटा प्रयोग झाला. कॉलेजच्या 36 विद्यार्थ्यांना मोझार्टचं संगीत ऐकवलं, आणि आकृत्यांच्या एका चाचणीत त्यांचे गुण थोडे वाढले. हा परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. त्यात लहान मुलं नव्हती आणि कुणी वाद्य शिकतही नव्हतं, तरी जाहिराती आजही त्यावर चालतात. 2004 साली टोरांटोत सहा वर्षांच्या 144 मुलांवर अधिक नीट काम झालं. 36 आठवडे संगीत शिकलेल्यांचा बुद्ध्यांक इतरांपेक्षा सरासरी तीन गुणांच्या आतच जास्त वाढला. 2020 मध्ये अशा 54 अभ्यासांचा, जवळपास 7,000 मुलांचा एकत्र हिशेब मांडला गेला. जिथे तुलनेच्या मुलांनाही दुसरं काही मनापासून शिकवलं होतं, तिथे फरक जवळजवळ शून्य निघाला.

तेव्हा गणिताच्या मार्कांसाठी पेटी घेऊ नका. पेटी पेटीसाठी घ्या, आणि ते कारण मला पुरेसं वाटतं. तीनतालाच्या 16 मात्रा हातावर मोजत दुगुन, म्हणजे दुप्पट लय, करायची, चुकलं की समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, परत यायचं, सुरांचा तोच अलंकार चाळीस वेळा वाजवायचा. रोज अर्धा तास एका जागी बसून अवघड गोष्ट सोपी होईपर्यंत तिच्याशी झगडायची सवय लागली, तर ती अभ्यासालाही उपयोगी पडते, असं मी ओळखीच्या मुलांत पाहिलंय. कानावरचा परिणाम मात्र अभ्यासातूनही दिसला आहे. लॉस एंजेलिसच्या गरीब वस्त्यांतल्या मुलांमध्ये बोलण्यातले बारीक ध्वनी वेगळे ओळखण्याची क्षमता सुधारली, पण दोन वर्षं शिकल्यावर. एका वर्षात काही दिसलं नव्हतं. म्हणजे पैसे अशा रीतीने लावा की दोन वर्षं खंड पडणार नाही.

दहावीच्या वाढीव गुणांचा मुद्दा क्लासवाले पुढे काढतील. शास्त्रीय संगीताच्या परीक्षांसाठी महाराष्ट्रात ते गुण मिळतात हे खरं, पण त्यांचा कीबोर्डशी संबंध नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक, मग प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण अशी वाट गुरुजींकडे शिकूनही चालता येते. किती परीक्षा लागतात आणि कोणत्या संस्थेच्या चालतात, ते शाळेत विचारून ठेवा. तिच्या हातात सहा वर्षं आहेत.

आता 62,000 चं काय करायचं ते सांगतो. 35,000 बँकेत भरा, उरले 27,000. त्यातून 3,000 टाकून सुकन्या समृद्धीचं खातं काढा. हे खातं मुलीला 10 वर्षं पूर्ण व्हायच्या आतच उघडता येतं, तुमच्याकडे आठ महिने आहेत. वर्षाला किमान 250 रुपये भरले तरी ते चालू राहतं. जानेवारी 2024 पासून दर 8.2 टक्के झाला, तो सरकार दर तिमाहीला जाहीर करतं. दहावी झाली किंवा 18 वर्षं पूर्ण झाली की पुढच्या शिक्षणासाठी निम्मी रक्कम काढता येते. मग वर्षाच्या फीचे 7,200 वेगळ्या खात्यात ठेवा, म्हणजे श्रावणात हात आखडला तरी तिचा क्लास बंद पडणार नाही. राहिलेले 16,800 पेरणीला आणि दुखण्याखुपण्याला. त्यांना हात लावू नका.

पेटी लगेच घेऊ नका. मंडळाची पेटी दुपारी मोकळी असते असं तुम्हीच लिहिलंय. दिवाळीपर्यंत त्यावरच रियाज होऊ द्या. समजा चौथ्या महिन्यात तिचं मन उडालं, तर तुमचे 2,400 गेले. तिकडे 54,000 अडकले असते, आणि ते परत मिळतील असं लेखी तुम्ही मागितलंत तेव्हा त्यांनी विषय बदलला. ज्यांच्या माळ्यावर कीबोर्ड पडून आहे अशी घरं मला माहीत आहेत. मुलं आळशी निघाली म्हणून ते पडले नाहीत. शिकवणारा मास्तर मध्येच दुसरीकडे गेला, म्हणून पडले.

दिवाळीनंतरही ती स्वतःहून पेटीशी जाऊन बसत असेल, तर नव्या कापसाच्या पैशातून तुम्ही पाहिलेली ती 9,000 ची जुनी पेटी घ्या. घ्यायला जाताना गुरुजींना सोबत न्या. भाता भरून, एकही पट्टी न दाबता थांबा. भाता लगेच बसला तर हवा गळते आहे. मग एकेक पट्टी दाबून प्रत्येक सूर लागतो का ते ऐका, आणि ऐकायचं काम मुलीला करू द्या. एखादा सूर अडकत असेल तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून मागा.

आणि बँकेत मार्चच्या शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नका. भरल्याची पावती घ्या, आणि नव्या कर्जाचा अर्ज त्याच खेपेत विचारून या.