संघ बेंचवरच्या लहान खेळाडूंना पुरेशी संधी देतो का?

तुमची चौदा वर्षांची लेक पुण्यातल्या एका क्लबकडून बास्केटबॉल खेळते, संघाच्या बाराजणींत तिचं नाव कायम असतं, पण गेल्या स्पर्धेत चार सामने मिळून तिला जेमतेम सहा मिनिटं मिळाली. म्हणून तुम्ही विचारताय की संघ बेंचवरच्या मुलींना पुरेशी संधी देतो का. सरळ सांगतो, नाही देत. आपल्याकडचे बहुतेक संघ देत नाहीत. पण मला विचाराल तर खरं दुखणं सहा या आकड्यात नाहीये.

मी कॉलेजच्या संघात तीन वर्षं बेंच गरम केलाय. आता नोकरी सांभाळून संध्याकाळी चौदा वर्षांखालच्या मुलांना शिकवतो. त्यामुळे सरांच्या खुर्चीकडे डोळे लावून बसणं आणि त्या खुर्चीत बसणं, दोन्ही करून झालंय.

आधी हिशेब बघा. दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर, मैदानावर पाचजणी, म्हणजे वाटायला एकूण २०० मिनिटं. सात मुख्य मुलींना सरासरी २६ मिनिटं दिली की १८२ संपली. उरली १८, आणि ती मागणाऱ्या पाचजणी. एकीच्या वाट्याला चार मिनिटं सुद्धा धड नाहीत ना! आणि यात कोचनं कुणाशी दुजाभाव केलेला नाही. तुमच्या लेकीला सामन्याला दीड मिनिट मिळालं, म्हणजे या हिशेबानंही निम्म्याहून कमी. तेवढी तुमची तक्रार रास्त आहे.

पण ती मिनिटं कुठली होती? आमच्याकडे असं व्हायचं: वीस गुणांनी पुढे किंवा वीस गुणांनी मागे, शेवटची दोन मिनिटं, आणि सर बेंचकडे न बघताच म्हणायचे, "जा रे, पाचही जण जा." तासभर बसून थंड पडलेले पाच जण एकदम आत. पॉइंट गार्डच्या, म्हणजे बॉल पुढे नेऊन चाल रचणाऱ्याच्या, हातात बॉल टिकत नाही, आणि दोनच मिनिटं आहेत म्हटल्यावर जो तो मिळेल तिथून बास्केट मारायला बघतो. बाहेर आलो की सर म्हणणार, "बघितलंत? म्हणून खेळवत नाही."

एकदाच वेगळं घडलं. दुसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीलाच आमच्या पॉइंट गार्डवर तिसरा फाउल लागला. पाचव्याला बाहेर, त्यामुळे सरांनी त्याला बसवलं आणि मला पाठवलं. बाकी चौघं सीनियर. मी पहिलाच पास थेट समोरच्याच्या हातात दिला. सवयीनं बेंचकडे पाहिलं, तर दुसरा मुलगा टी-शर्ट काढून उठत होता. सरांनी हातानंच त्याला खाली बसवलं. मग मी सहाएक मिनिटं खेळलो. एक ले-अप (बास्केटजवळ धावत जाऊन मारायचा शॉट) घातला, एक घालवला, आणि आमच्या सेंटरनं दोनदा ओरडून मला डिफेन्सला योग्य जागी उभं केलं. त्या वर्षात मी जे काही शिकलो ते त्या सहा मिनिटांत.

म्हणून पुढच्या सामन्याला किती मिनिटं, याच्याबरोबर तीन गोष्टी टिपा: कुठल्या क्वार्टरला उतरवलं, सोबत कोण होतं, आणि किती चुकांनंतर बाहेर काढलं. एका ट्रॅव्हलिंगवर (टप्पा न देता बॉल घेऊन चालण्याच्या चुकीवर) बाहेर काढत असतील तर मिनिटं वाढवूनही पोरगी बिचकतच खेळेल.

कोच असं का वागतात? एक कारण बाद पद्धत. शालेय स्पर्धांत हरलात की बॅगा भरायच्या, मग धोका कोण पत्करणार? आपण सकाळी चहा घेत अमेरिकेतली एनबीए लीग बघतो आणि तुलना करतो, पण तिथे प्रत्येक संघ साखळीचेच ८२ सामने खेळतो. २०१३-१४ च्या हंगामात सॅन अँटोनियो स्पर्सच्या एकाही खेळाडूची सरासरी ४८ पैकी ३० मिनिटांपर्यंत गेली नव्हती, आणि विजेतेही तेच झाले. त्यांच्या तेव्हाच्या ग्रेग पोपोविचसारखा कोच हवा हे खरंच, पण बेंचला रुळायला तेवढे सामनेही हवेत. अर्थात तिथेही सगळं आखून होतं असं नाही. जेरेमी लिन फेब्रुवारी २०१२ मध्ये न्यूयॉर्क निक्सच्या बेंचच्या टोकाला बसलेला होता. काही जण जायबंदी आणि संघ हरत चाललेला, म्हणून नाइलाजानं उतरवला, तर पठ्ठ्यानं २५ गुण केले.

दुसरं कारण जरा नाजूक आहे. बाराजणींत नाव लागलं की प्रमाणपत्र, आणि पुढे दहावी-बारावीला खेळाच्या सवलतीच्या गुणांची आशा. त्यामुळे काही पालकांना नाव पुरतं, खेळवलं नाही तरी चालतं. कोचला हे पक्कं ठाऊक असतं. तुम्ही त्यातले नाही, हे त्यांना कळू द्या.

मी स्वतः काय केलं तेही सांगतो. गेल्या वर्षी एका फायनलला दोन मुलांना मी एक सेकंदही उतरवलं नाही. तिसऱ्या क्वार्टरला अकरा गुणांनी पुढे होतो, तेव्हा सहज उतरवता आलं असतं. भीती वाटली. जिंकलो. त्यातला एक पोरगा पुढच्या सोमवारपासून आलाच नाही. फोन केला तर आईनं सांगितलं, क्लासची वेळ बदलली. असेलही.

तेव्हापासून रविवारच्या सराव सामन्यात दुसरा क्वार्टर बेंचचा, असं ठरवून टाकलंय. दोन सीनियर आणि तीन नवे, आणि पाच मिनिटं झाल्याशिवाय कुणालाच काढायचं नाही. पहिले दोन महिने आम्ही जवळजवळ सगळे सामने हरलो आणि एका पालकांनी "सर, हे काय चाललंय" असं विचारलंही.

तुम्ही कोचशी बोलायला जाल ते सामन्यानंतर सगळ्यांसमोर नको. सरावाच्या दिवशी थोडं लवकर जा. "का खेळवत नाही" असं विचारलंत की त्यांना बचावच करावा लागेल. त्यापेक्षा विचारा, "तिला दुसऱ्या क्वार्टरला उतरवायला तुम्हाला तिच्यात काय दिसायला हवं?" डाव्या हाताचं ड्रिबल, डिफेन्समधलं बोलणं, असं काही ठोस उत्तर आलं तर तिथेच राहा. "बघू, लहान आहे अजून" असं आलं, तर सरावातल्या पाच विरुद्ध पाचच्या खेळाला तिला सीनियर मुलींबरोबर घेतात का ते महिनाभर पाहा. तिथेही घेत नसतील तर पुण्यात क्लब काही एकच नाही.

ती कुठल्या पोझिशनला खेळते ते लिहिलं नाहीत. गार्ड असेल तर आणखी थोडं सांगता येईल.