ब्रूस्टर एक्सए-३२ : इंजिन चांगलं होतं, कारखाना तसा नव्हता

दुसऱ्या महायुद्धातल्या फसलेल्या अमेरिकी विमानांवर लिहिताना ब्रूस्टर कंपनीच्या एक्सए-३२ या जमिनीवर हल्ला करायच्या विमानाला मी दोनच ओळी दिल्या होत्या. त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न घेतो.

प्रश्न (ओझर, नाशिक) : एक्सए-३२ ला प्रॅट अँड व्हिटनीचं आर-२८०० इंजिन होतं. थंडरबोल्ट आणि कॉर्सेअर या नावाजलेल्या लढाऊ विमानांनाही तेच. मग हेच विमान का फसलं?

उत्तर : मर्मावर बोट ठेवलंत. अठरा सिलिंडरचं, दोन हजार अश्वशक्तीच्या घरातलं हे इंजिन त्या काळातलं सर्वोत्तम. ते बसवलेलं कॉर्सेअर ताशी साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास जायचं. एक्सए-३२ कसंबसं पाचशेला पोचलं. कारण शोधायला फोटो बघितला तरी पुरे. समोर रुंद नाक, खाली बॉम्ब पोटात घेण्यासाठी फुगवलेलं धड. जमिनीवर हल्ला करायचा म्हणून तोफा, चिलखत, बॉम्ब असं सगळं एका वैमानिकाच्या विमानात कोंबलं, आणि हवेचा विरोध व वजन दोन्ही हाताबाहेर गेलं. त्यात एक्झॉस्टची रचना अशी, की कॉकपिटमध्ये आवाज असह्य व्हायचा आणि रात्री ज्वाळांनी वैमानिकाचे डोळे दिपायचे. रात्री उतरताना त्याला धावपट्टी दिसायची कशी, हा विचार आराखड्याच्या टेबलावर कुणीतरी करायला हवा होता.

पहिलं नमुना विमान उडालं मे १९४३ मध्ये. एकूण दोनच बनली. एव्हाना थंडरबोल्टसारखी लढाऊ विमानंच बॉम्ब घेऊन हे काम करू लागली होती. वेगळं, संथ विमान कुणाला हवं होतं?

प्रश्न (पुणे) : कंपनीची घडी आधीपासूनच विस्कटलेली होती का?

उत्तर : नावाला परंपरा मोठी होती. १८१० पासून ब्रूस्टर म्हणजे उत्तम घोडागाड्या, पुढे मोटारींचे देखणे सांगाडे. जेम्स वर्क यांनी १९३२ मध्ये त्यातला विमान विभाग विकत घेतला. कारखाना मात्र न्यूयॉर्कच्या लाँग आयलंड सिटीत, बहुमजली इमारतीत. जवळ धावपट्टी नाही. वेगवेगळ्या मजल्यांवर भाग घडवायचे, लिफ्टने खाली आणायचे, आणि उड्डाणासाठी विमान रस्त्याने विमानतळावर न्यायचं.

मी बरीच वर्षं विमान दुरुस्तीच्या हँगरमध्ये काढली आहेत. दोन शेडमध्ये वेगवेगळ्या जिगवर (भाग घट्ट धरणाऱ्या साच्यावर) ड्रिल केलेले पत्रे एकमेकांवर ठेवले, की रिव्हेटची, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची, भोकं नखभर सरकलेली दिसतात. भोक मोठं करायचं, जाड रिव्हेट मारायचा, पुढे जायचं. एका जागी हे चालतं, पण दोनशे जागी झालं की पंखाचा भरवसा जातो. म्हणून त्या इमारतीचं वर्णन वाचताना माझ्या पोटात गोळा येतो.

ऑर्डर घेताना मात्र कंपनीने कधी हात आखडला नाही. परदेशी विक्री पाहणाऱ्या मिरांडा बंधूंना बोलिव्हियाला बेकायदा शस्त्रं विकल्याबद्दल आधीच तुरुंगवास झाला होता. अमेरिकी नौदलाने १९३८ मध्ये ५४ बफेलो लढाऊ विमानं मागवली, त्यातली पदरात पडली ११. बाकीची फिनलंडला गेली.

प्रश्न (सांगली) : ब्रूस्टरचं बफेलो खरंच इतकं टाकाऊ होतं का?

उत्तर : नाही, आणि ते सांगताना मला बरं वाटतं. मिडवे, सिंगापूर, रंगून इथे जपानी लढाऊ विमानांसमोर बफेलोची वाताहत झाली, हे खरं. पण फिनलंडच्या हलक्या बफेलोंनी सोव्हिएत विमानांविरुद्ध भरपूर यश मिळवलं. हान्स विंड या एकाच वैमानिकाचे त्यावर ३९ विजय आहेत. मूळ कल्पना चांगली होती.

प्रश्न (ठाणे) : या कंपनीचा भारताशी काही संबंध?

उत्तर : थेट नाही. ब्रिटिशांनी सूर मारून बॉम्ब टाकणारी दोन अमेरिकी विमानं मागवली होती, व्हल्टीचं व्हेंजन्स आणि ब्रूस्टरचं बर्म्युडा. व्हेंजन्स ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आपल्या हवाई दलाच्या ७ आणि ८ क्रमांकाच्या स्क्वॉड्रननी लढवलं. बर्म्युडा प्रत्यक्ष लढाईत उतरलंच नाही.

प्रश्न (नागपूर) : कामगारांच्या संपांनी ब्रूस्टर बुडवली असं वाचलं. आपलं मत?

उत्तर : संप झाले, युनियन आक्रमक होती, १९४३ मध्ये संसदीय समितीपुढे त्यावरून रणकंदनही झालं. पण तारखा पाहा. कारभार सुधारेना म्हणून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी एप्रिल १९४२ मध्येच कारखाना नौदलाच्या ताब्यात दिला होता. पुढच्या वर्षी जहाजबांधणीतले दिग्गज हेन्री कायझर यांना आणलं. तरी गाडी रुळावर आली नाही.

सगळ्यात बोलका पुरावा कॉर्सेअरचा. व्हॉट कंपनीचं हे विमान परवान्यावर बनवायचं काम ब्रूस्टरलाही मिळालं आणि गुडइयरलाही. आराखडे तेच. टायरच्या व्यवसायातल्या गुडइयरने चार हजार बनवली. ब्रूस्टरची झाली ७३५, आणि त्यांच्या बांधणीविषयी तक्रारीच फार. नियोजन, सुटे भाग, तपासणी ही व्यवस्थापनाची कामं, ती रिव्हेट मारणाऱ्याच्या माथी मारता येत नाहीत.

मे १९४४ मध्ये नौदलाने कंत्राट रद्द करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा ज्यांना कामचुकार म्हटलं जात होतं तेच कामगार ‘काम द्या’ म्हणत कारखान्यातून बाहेर पडायला तयार नव्हते. काम मिळालं नाही. १९४६ मध्ये कंपनीच विसर्जित झाली.

प्रश्न (पणजी) : ब्रूस्टरच्या कारखान्यांच्या जागांचं पुढे काय झालं?

उत्तर : पेनसिल्व्हेनियातला जॉन्सव्हिलचा कारखाना नौदलाने संशोधनासाठी ठेवला. तिथल्या प्रचंड सेंट्रिफ्यूजवर, म्हणजे माणसाला गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर, पुढे अमेरिकेच्या मर्क्युरी मोहिमेचे अंतराळवीर तयार झाले. लाँग आयलंड सिटीतली इमारत अजून उभी आहे, २०१२ पासून तिथे जेटब्लू या विमान कंपनीचं मुख्यालय आलं. एक्सए-३२ च्या दोन्ही नमुन्यांपैकी मात्र एकही उरलेलं नाही.