आधी न्याहरी

प्रिय बाळा,
सप्रेम सलाम.

तीन रविवार उपासनेला तुझी जागा रिकामी आहे. मग रात्री पावणेएकला तुझा मेसेज आला: काका, आता देवासमोर कुठल्या तोंडाने येऊ? तरुण संघाचे सहा हजार तू वापरलेस हे वाचून मला धक्का बसला, खोटं कशाला सांगू.

भाऊच्या धक्क्यावर मी अजून पहाटे मासळीला जातो. तिथे कुणी सुका बोंबील निखाऱ्यावर टाकला की मला एकदम माझगावच्या चाळीतली आजी आठवते. वास माणसाला असा गाठतो. येशूचा शिष्य पेत्र, त्याचंही तसंच झालं असणार. तोही कोळीच. प्रमुख याजकाच्या वाड्यात निखाऱ्यांपाशी शेकत असताना त्याने प्रभूला नाकारलं. कोंबडा आरवेपर्यंत तीनदा. हे योहानाच्या शुभवर्तमानात, १८व्या अध्यायात. आता २१वा अध्याय काढ. तिबिर्या सरोवराचा किनारा, नुकतं उजाडलेलं, पुन्हा निखारे, त्यावर मासळी आणि भाकर. निखाऱ्यांसाठीचा हा ग्रीक शब्द अख्ख्या नव्या करारात या दोनच जागी येतो, असं आमच्या जुन्या पाळकांनी दाखवलं होतं. पाण्यात उडी टाकून ओलाचिंब आलेल्या पेत्राच्या नाकात तोच वास गेला असेल.

आणि मरणातून उठून किनाऱ्यावर उभा असलेला प्रभू काय म्हणाला? या, न्याहरी करा. प्रश्न खाणं झाल्यावर विचारला, माझ्यावर प्रीती करतोस का, तोही तीनदा. पेत्राला वाईट वाटलं, तसं लिहिलंच आहे. प्रकरण झाकलं नाही. पण दर उत्तरामागे मेंढरं सोपवली.

तुझं उलटं चाललंय. आधी पैसे जमवीन, मग येईन. अरे, तो जकातदार जक्कय, लुबाडलेलं चौपट परत करायचं बोलला तो प्रभू त्याच्या घरी उतरल्यावर! पैसे तर तुला फेडायचेच आहेत, त्यात सूट नाही. पंचांसमोर तोंडाने सांगावं लागेल, मी शेजारी बसेन. खजिनदारपद जाईल. एकदोघं लागेल असं बोलतील, ऐकून घे. माणसांची क्षमा हप्त्याहप्त्याने येते.

देवाचं वचन मात्र १ योहान १:९ मध्ये एका ओळीत आहे: आपण पापं पदरी घेतली तर तो क्षमा करतो आणि शुद्धही करतो. आपल्या मराठी बायबलातला हा 'पदरी घेणे' मला फार आवडतो. तुझ्या मेसेजमध्ये 'मित्रांनी भरीला घातलं' असं दोनदा आहे. ते पदरी घेणं नव्हे, दुसऱ्याच्या पदरात टाकणं झालं. तेवढं खोड.

शनिवारी पहाटे साडेपाचला डॉकयार्ड रोड स्टेशनला ये. काकूने ओले बोंबील सांगितलेत. न्याहरी आमच्याकडेच. हिशोबाची वही आण, ती नंतर उघडू.

तुझा,
काका