अपवादाने नियम सिद्ध कसा होतो?

प्रश्न असा आला आहे: 'अपवादानेच नियम सिद्ध होतो' ही म्हण इंग्रजीतून आली, पण अपवाद सापडला की नियम मोडायला हवा, तो सिद्ध कसा होईल? आणि आपल्याकडे तशी म्हण आहे का?

नियम मोडतोच. आंबेवाला छातीठोकपणे सांगतो की या पेटीतला एकही आंबट निघणार नाही, आणि निघाला की 'अपवादानेच नियम सिद्ध होतो' म्हणून हात झटकतो. ही शुद्ध पळवाट झाली. टीव्हीवरच्या चर्चांत शिकलीसवरलेली माणसंही तेच करतात, याची मला मनस्वी चीड येते.

मूळ वचन कायद्यातलं, लॅटिन: 'एक्सेप्तिओ प्रोबात रेगुलाम इन कासिबुस नोन एक्सेप्तिस'. म्हणजे जे अपवादात येत नाही, त्याच्यापुरता अपवादावरून नियम शाबीत होतो. गल्लीच्या तोंडाशी पाटी असते, 'रविवारी वाहने उभी करण्यास परवानगी'. बाकीच्या सहा दिवसांबद्दल तिच्यावर चकार शब्द नाही, तरी सोमवारी गाडी लावली तर दंड होणार हे कुणालाही कळतं.

हा युक्तिवाद सिसेरो या रोमन वकिलानं इ.स.पू. ५६ मध्ये बाल्बसच्या खटल्यात लढवला. बाल्बस गादेसचा, म्हणजे आजच्या स्पेनमधल्या कादिसचा. रोमन सेनापती पाँपेनं त्याला रोमचं नागरिकत्व दिलं ते बेकायदा, असा आरोप होता. सिसेरो म्हणाला, काही जमातींशी झालेल्या तहांत 'यांच्यातल्या कुणाला नागरिक करून घेऊ नये' असं कलम आहे. गादेसच्या तहात ते नाही, त्याअर्थी तिथे मुभा आहे. बाल्बस सुटला आणि इ.स.पू. ४० मध्ये चक्क रोमचा कॉन्सल, म्हणजे सर्वोच्च पदाधिकारी झाला.

इंग्रजी म्हणीतल्या 'प्रूव्ह'चा अर्थ पारखणे, अपवाद नियमाची परीक्षा घेतो, असं अमेरिकन लेखक अँब्रोज बिअर्सनं ठासून लिहिलं आणि आजही पुष्कळ जण तेच सांगतात. साफ चूक! वचनाचं शेपूट वाचलं असतं तर ही वेळ आली नसती. जे अपवादात नाही, त्याच्यापुरती नियमाची परीक्षा अपवाद कशी घेणार?

खरी गंमत आपल्या महाभाष्यात, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणावरच्या पतंजलीच्या ग्रंथात आहे. पतंजलीचा काळ इ.स.पू. दुसरं शतक मानतात, म्हणजे सिसेरोच्या आधीचा. तो म्हणतो, 'अभक्ष्यो ग्राम्यकुक्कुटः' एवढं सांगितलं की रानातला कोंबडा चालतो हे आपोआप कळतं. उलट, पाच नखांचे पाचच प्राणी खावेत म्हटलं की बाकीचे वर्ज्य ठरतात. वेदातल्या विधींचा अर्थ लावणारे मीमांसक याला परिसंख्या म्हणतात. माझ्या मते ही रोमची मिरासदारी नाहीच. जिथे विधिनिषेध शब्दांत बांधले गेले, तिथे हा तर्क उगवणारच. पतंजलीला तो हवा होता व्याकरणासाठी: शुद्ध शब्द शिकवावेत की अशुद्ध? त्यानं शुद्ध निवडले, कारण एका 'गौः'चे (गाय) गावी, गोणी, गोता, गोपोतलिका असे कितीतरी अपभ्रंश. एक शुद्ध सांगितला की बाकीचे आपसूक बाद.